घरी व्हिडिओ राइट करण्यासाठी भरवशाची कोरी डिस्क कशी निवडावी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीत हळद आहे, सीमांतपूजन आहे, मंगलाष्टके आणि अक्षता आहेत, पंगतीसुद्धा आहेत. पाठवणी मात्र नाही. लग्न परभणीत २००९ च्या मे महिन्यात झाले. शूटिंग दोन डिस्कवर बसवून मिळाले आणि पहिली काही वर्षे ते चांगले चालले. पुढे एका दिवाळीला आई मामा-मामींना ते दाखवत असताना दुसऱ्या डिस्कवरचे चित्र चौकोनाचौकोनांत फुटू लागले, आवाज तुटला आणि बहीण आईच्या गळ्यात पडण्याच्या थोडे आधी प्लेअर जागीच अडकला. डिस्क काढून खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा जांभळट पृष्ठभागाच्या बाहेरच्या कडेला नखाएवढ्या रुंदीचा पट्टा फिका पडून पिवळसर झालेला दिसला. ओरखडा एकही नव्हता. आईने ती डिस्क जिवापाड सांभाळली होती. डिस्कच मुळात हलक्या प्रतीची होती.

त्यानंतर घरातल्या आणि नात्यातल्या जुन्या कॅसेटींवरचे चित्रण मी स्वतःच डीव्हीडीवर घेऊ लागलो, आणि या कामात खरा वेळ कोरी डिस्क निवडण्यातच घालवला पाहिजे, हे हळूहळू लक्षात आले. चांगला रायटर, चांगले सॉफ्टवेअर आणि रात्र जागून केलेले एडिटिंग यांपैकी काहीही वाईट डिस्कला वाचवू शकत नाही.

नेमकी पाठवणीच का गेली, याला कारण आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. लेसर मधल्या भोकाजवळून सुरुवात करतो आणि कडेच्या दिशेने सरकत जातो, त्यामुळे चित्रणाचा शेवट नेहमी बाहेरच्या बाजूला असतो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या एकमेकींना डिंकासारख्या द्रव्याने चिकटवून केलेली १.२ मिलिमीटरची चकती असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा अत्यंत पातळ थर आणि त्यामागे परावर्तन करणारा धातूचा थर असतो. राइट करताना लेसर या रंगद्रव्यावर खुणा पाडतो. कारखान्यात रंगद्रव्य चकतीच्या आतल्या भागात सोडून चकती वेगाने फिरवली जाते आणि ते पसरत पसरत कडेपर्यंत जाते. कडेला पोहोचेपर्यंत थर एकसारखा राखणे हेच सर्वांत अवघड काम असते, आणि दोन चकत्यांचा जोड कच्चा राहिला तर हवा आणि दमट वाफ शिरते तीही कडेकडूनच. स्वस्त माल तिथेच उघडा पडतो.

दुकानात मात्र याची चर्चा होत नाही. लातूरला गंजगोलाईच्या बाजूला एका दुकानात मी पन्नास डिस्कच्या डब्याविषयी चौकशी करत होतो, तेव्हा दुकानदार म्हणाले, “कोणताबी घ्या काका, डबा वेगळा असतोय, माल सगळा एकच.” त्यांचे बोलणे अर्धे खरे होते. डब्यावर ज्याचे नाव छापलेले असते, तो बहुतेक वेळा डिस्क बनवणारा नसतो. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघतो आणि दोन वेगळ्या नावांच्या डब्यांत एकाच कारखान्याचा. म्हणून “अमुक कंपनीची घ्या” हा सल्ला मी कोणालाच देत नाही. माल सगळा एकच असतो, हे मात्र खोटे आहे. फरक खूप असतो, फक्त तो डब्यावर छापलेला नसतो.

हा फरक डिस्कच्या आत लिहिलेला असतो. प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर कारखान्यातच एक सांकेतिक नाव उमटवलेले असते, त्याला मीडिया कोड म्हणतात, आणि रायटर लिहायला सुरुवात करण्यापूर्वी तेच वाचून लेसरची ताकद किती ठेवायची ते ठरवतो. आपल्यालाही ते वाचता येते. कोरी डिस्क रायटरमध्ये घालून इमेजबर्न किंवा डीव्हीडी आयडेंटिफायर हे मोफत सॉफ्टवेअर उघडले की कोड समोर दिसतो. ‘एमसीसी’ने सुरू होणारा कोड म्हणजे मित्सुबिशी केमिकलची पद्धत आणि त्यांचे ‘अझो’ जातीचे रंगद्रव्य. ‘टीवायजी ०३’ म्हणजे जपानची तायो युदेन. ‘सीएमसी’ आणि ‘रायटेक’ म्हणजे तैवानचे मोठे उत्पादक. ‘एमबीआय’ म्हणजे आपल्याकडची मोझर बेअर. मित्सुबिशीची पद्धत परवान्यावर इतर कारखान्यांतही वापरली गेली आहे, त्यामुळे कोड पाहून कारखान्याची भिंत दिसत नाही. पण डिस्क कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या रंगद्रव्याने बनली, एवढे त्यावरून समजते. डब्यावरच्या नावापेक्षा हे कितीतरी पटींनी अधिक आहे.

आज हा कोड पाहणे पूर्वीपेक्षाही गरजेचे झाले आहे, कारण डिस्कचा धंदा आवरत चालला आहे. तायो युदेनने २०१५ च्या अखेरीस डिस्कचे उत्पादन थांबवले. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मित्सुबिशीने व्हर्बेटिम हे नाव आणि व्यवसाय २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीला विकला. त्यामुळे आपल्याकडच्या दुकानांत आज दोन प्रकारचा माल दिसतो: मोजक्या कारखान्यांतून अजून निघणारा ताजा माल आणि वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला जुना. जुना माल वाईटच असतो असे नाही, पण कोऱ्या डिस्कचे रंगद्रव्यही पडून पडून उतरते, आणि ते पत्र्याच्या गोदामात मराठवाड्याचे दहा-बारा उन्हाळे काढून आलेले असेल तर त्यावर लग्न लिहू नये.

म्हणून डबा हातात घेतला की पहिल्यांदा तो उलटा करून त्यावरची बारीक छपाई वाचावी. पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, महिना आणि वर्ष, कमाल किंमत आणि आयात माल असेल तर कोणत्या देशातून आला, हे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. यातले काहीच नसेल, किंवा वर्षाच्या जागी वेगळा कागद चिकटवलेला असेल, तर डबा तसाच परत ठेवावा. नामांकित कंपन्यांच्या नकली डिस्क आपल्या बाजारात खूप फिरल्या आहेत, आणि नकली डिस्कवर कोडसुद्धा नकली उमटवता येतो. त्यामुळे केवळ कोड जुळला म्हणून निर्धास्त होऊ नये. डिस्कच्या मधल्या पारदर्शक वर्तुळावर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो. तोही पाहावा. डब्यातल्या चार-पाच डिस्कवर तो स्पष्ट आणि नीट कोरलेला दिसला पाहिजे. पुसट असेल किंवा मुळीच नसेल तर शंका घ्यावी.

नंतर डोळ्यांनी तपासणी करावी, आणि ती दिवसा करावी. डिस्क कडेने धरून ट्यूबलाइटसमोर किंवा उघड्या खिडकीसमोर आडवी करावी. थर एकसारखा असेल तर रंगात कुठेही ढग, डाग किंवा लाटा दिसत नाहीत. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे धातूचा थर उडालेला असतो. असे ठिपके चित्रात उचकी आणू शकतात. कडेकडे पाहताना धातूचा थर अगदी टोकापर्यंत न जाता थोडा अलीकडे, सगळीकडे सारख्या अंतरावर थांबलेला असावा, कारण तो एका बाजूला कडेला टेकला असेल तर ओल तिथूनच शिरते. शेवटी डिस्क टेबलाच्या काचेवर ठेवून डोळा काचेच्या पातळीला आणावा. एखादी बाजू उचललेली दिसली तर डिस्क वाकलेली आहे आणि वेगाने फिरताना ती डुलणार. रंग गडद की फिका, जांभळा की निळसर, यावरून मात्र चांगले-वाईट ठरवू नये. रंग रंगद्रव्याच्या जातीवर अवलंबून असतो आणि गडद दिसणारी डिस्क टिकाऊ, हा समज निराधार आहे.

कोणत्या प्रकारची डिस्क घ्यावी, हे ती कोण पाहणार यावर ठरते. गावाकडे आई-वडील, काका-काकू यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला प्लेअर असेल तर ‘डीव्हीडी वजा आर’ (डब्यावर DVD-R) घ्यावी. हा प्रकार १९९७ मध्ये पायोनिअरने आणला आणि जुने प्लेअर तो सहसा अडखळल्याशिवाय वाचतात. ‘अधिक आर’ (DVD+R) हा २००२ चा प्रकार लिहिण्याच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहे, पण काही जुने प्लेअर तो ओळखत नाहीत. आपल्या रायटरमध्ये बुक टाइप, म्हणजे डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार, बदलून तिची ओळख डीव्हीडी रॉम (कारखान्यात छापलेली डिस्क) अशी करून देण्याची सोय असेल तरच पाहुण्यांसाठी तो वापरावा. दोन थरांच्या साडेआठ जीबीच्या डिस्कच्या वाटेला मी जात नाही, कारण चित्र एका थरावरून दुसऱ्यावर जाते तिथे जुने प्लेअर हमखास अडतात. पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क मेनू आणि आवाज तपासून पाहण्यासाठी उत्तम. त्यांवर कायमचे काही ठेवू नये.

मोबाइलवर किंवा नव्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या मूळ फाइली जशाच्या तशा जपायच्या असतील तर २५ जीबीची ब्लू-रे डिस्क विचारात घ्यावी. तिच्यातही दोन जाती आहेत. एकीत नोंद करणारा थर धातूंच्या मिश्रणासारखा निरिंद्रिय असतो, दुसरीत डीव्हीडीसारखेच सेंद्रिय रंगद्रव्य असते आणि तिच्यावर ‘एलटीएच’ अशी खूण असते. ती खूण असलेली डिस्क घेऊ नये. एम-डिस्क नावाचा प्रकार याहून टिकाऊ मानला जातो, कारण त्यात रंगद्रव्य नसून दगडासारखा निरिंद्रिय थर असतो. डीव्हीडीच्या मापाची एम-डिस्क लिहायला मात्र ती चालणारा रायटर असावा लागतो.

आता चाचणीकडे वळू, कारण वरची सगळी पाहणी चाचणीशिवाय अपुरी आहे. पन्नासचा डबा एकदम घेऊ नये. त्याच मालाच्या दोन सुट्ट्या डिस्क मिळाल्या तर त्या, नाही तर दहाचे पाकीट आणावे आणि एक डिस्क मुद्दाम काठोकाठ भरून राइट करावी. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असते आणि विंडोज तेवढीच जागा ४.३८ दाखवते, दोघांची मोजण्याची रीत वेगळी आहे, यात फसवणूक नाही. काठोकाठ भरल्यामुळे बाहेरच्या कडेची परीक्षा होते. मग ती डिस्क नीरो डिस्कस्पीडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाचनाच्या वेगाच्या चाचणीला लावावी. डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर आलेखाची रेघ डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सहापटीच्या (६x) आसपास सुरू होऊन सोळापटीकडे (१६x) एकसारखी चढत जाते. ती मध्येच खाली कोसळत असेल, विशेषतः शेवटच्या पाचव्या हिश्श्यात, तर तो माल नापास. आपला ड्राइव्ह चुकांची मोजणी करू देत असेल तर आणखी चांगले: पीआय चुका (वाचताना सापडणाऱ्या चुका) २८० च्या वर जाऊ नयेत आणि पीआयएफ (त्यांतल्या पहिल्या फेरीत दुरुस्त न होणाऱ्या) चारच्या वर, ही मर्यादा आहे, ताज्या, चांगल्या डिस्कचे आकडे यापेक्षा कितीतरी खाली राहतात. त्यानंतर ती डिस्क आपल्या प्लेअरवर, शेजाऱ्यांच्या प्लेअरवर आणि ओळखीत जो सर्वांत जुना प्लेअर असेल त्यावर चालवून पाहावी.

आमच्या भागाला साजेशी आणखी एक चाचणी मी करतो. राइट केलेल्या चाचणीच्या डिस्कची अर्धी बाजू काळ्या कागदाने झाकून, लिहिलेली बाजू उन्हाकडे करून ती चैत्र-वैशाखात पश्चिमेच्या खिडकीत सहा आठवडे ठेवतो, आणि नंतर तीच वाचनाची चाचणी पुन्हा घेतो. एकदा एका स्वस्त डिस्कचा उघडा भाग इतका फिका पडला, की कागद काढल्यावर झाकलेल्या अर्धगोलाची रेषा डोळ्यांना स्पष्ट दिसत होती आणि ड्राइव्ह ती डिस्क ओळखायलाही तयार नव्हता. तिच्याच शेजारी ठेवलेली अझो रंगद्रव्याची डिस्क थोड्या वाढलेल्या चुकांसह अखेरपर्यंत वाचली गेली. आपण डिस्क उन्हात ठेवणार नसतो, हे खरे. पण जी सहा आठवडे ऊन सोसते ती कपाटात पंधरा वर्षे काढील, असा विश्वास बसतो.

माल निवडल्यावर लिहिताना मात्र नेमके उलटे करावे, म्हणजे डिस्क काठोकाठ भरू नये. विंडोजच्या मापाने चार जीबीपाशी थांबावे. तेवढ्या जागेत दीड तासाचे चित्रण सेकंदाला सुमारे सहा मेगाबिट या दराने बसते आणि ते टीव्हीवर चांगले दिसते. तीन तासांचे लग्न असेल तर दोन डिस्क करून पहिली अक्षतांपर्यंत आणि दुसरी सप्तपदीपासून पुढे ठेवावी. एकाच डिस्कवर तीन तास कोंबले की दर निम्म्याने घसरतो आणि शालूची जर नुसती चिखलासारखी दिसते. मोबाइलची फाइल डिस्कवर नुसती कॉपी केल्याने जुना प्लेअर ती दाखवत नाही. तिचे एमपीईजी-२ स्वरूपात, ७२० गुणिले ५७६ या आकारात आणि सेकंदाला २५ चित्रांत रूपांतर करून डीव्हीडी व्हिडिओ म्हणून लिहावे लागते, आणि शेवटी डिस्क फायनलाइज करावी लागते, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून तिचे लिखाण बंद करावे लागते.

वेगाविषयी एक गैरसमज घरोघरी आहे. जितके सावकाश लिहावे तितके चांगले, असे समजून लोक सोळापटीच्या (१६x) डिस्कवर जेमतेम दोनपट (२x) वेगाने लिहिण्याचा हट्ट धरतात. सोळापटीच्या डिस्कचे रंगद्रव्य वेगवान लिखाणासाठी बेतलेले असते. फार सावकाश लिहिल्यास खुणा बिघडू शकतात. माझ्या अनुभवात आठपट हा वेग सर्वांत भरवशाचा ठरला आहे. डिस्क आठ-नऊ मिनिटांत होते आणि त्यानंतर व्हेरिफाय करायला, म्हणजे लिहिलेले मूळ फाइलशी ताडून पाहायला, तेवढाच वेळ द्यावा. व्हेरिफाय न केलेली डिस्क पाहुण्यांच्या हातात देऊ नये.

विजेचा विचार आधी करावा लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर मध्येच वीज गेली तर ती डिस्क वाया जाते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा, लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी. यूएसबीचा बाहेरचा रायटर असेल तर त्याला मिळणारी वीज कमी पडून डिस्क बिघडण्याचे प्रमाण मी खूप पाहिले आहे. त्याची केबल डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला थेट लावावी, मध्ये हब ठेवू नये. दुपारी बाराच्या उकाड्यात एकामागून एक दहा डिस्क काढू नयेत. मी पहाटे बसतो, खोली थंड असते आणि धूळही कमी उडते.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. उष्णतेने लेबलची कड सुटते, वजन एका बाजूला जाते आणि डिस्क फिरताना थरथरते. बॉलपेनने दाबून लिहू नये. पाण्यावर आधारित शाईच्या मार्करने, शक्यतो मधल्या पारदर्शक भागावर, थोडक्यात लिहावे. पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटांपेक्षा कडक डबी चांगली, कारण उन्हाळ्यात पाकीट डिस्कला चिकटते. डबी पुस्तकासारखी उभी ठेवावी.

ठेवायची कुठे, हा प्रश्न परभणी-नांदेडकडे अधिक कठीण आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर सहज जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. जाणकार डिस्कसाठी २० अंशांखालचे तापमान आणि ५० टक्क्यांखालची आर्द्रता सुचवतात. तेवढे आपल्या घरांत जमत नाही, पण घरातली सर्वांत थंड जागा शोधणे जमते. टीव्हीवरची शोकेस आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट या दोन जागा सर्वांत वाईट, आणि डिस्क नेमक्या तिथेच सापडतात. आमच्या आजोळी, औशाकडे, अजून माळवदाचे घर आहे. जाड भिंती आणि मातीचे छत यांमुळे तिथल्या आतल्या खोलीत भर दुपारीही गारवा असतो. प्रत्येक चित्रणाची एक प्रत मी तिथल्या लाकडी पेटीत ठेवली आहे, दुसरी परभणीत आतल्या खोलीच्या खालच्या फळीवर आणि तिसरी हार्ड डिस्कवर. कोणत्या डिस्कचा कोड काय, ती कोणत्या तारखेला आणि किती वेगाने लिहिली, हे एका वहीत लिहून ठेवलेले आहे, म्हणजे एखादा माल उतरू लागला तर त्याच कोडच्या बाकीच्या डिस्क लगेच शोधता येतात.

दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी उघडली की वही समोर ठेवून एकेक डिस्क लावावी. सगळी पाहण्याची गरज नाही. थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जावे. तिथे चित्र थोडे जरी अडखळले, तरी बाकी सगळे ठीक दिसते म्हणून डिस्क परत ठेवू नये, त्याच दिवशी तिची नवी प्रत काढावी.